बारा म्हणजे नेमके कुठले?

साऱ्या हैदराबादेत किती वाजले हे सांगणारे लाखो लोक सापडतील. पण सांगितलेली वेळ नेमकी कुठली, असं उलट विचारणारा माणूस एकच आहे, आणि तो नल्लकुंट्यात आमच्या बाईंच्या माडीवर राहतो. ते बाईंचे सासरे. बाई त्यांना मामंजी म्हणतात, गल्ली टाइमकीपर साब म्हणते, आणि मी मामा म्हणते. खालच्या मजल्यावर बाईंची विद्यार्थ्यांसाठी खानावळ आहे, तिथं मी सहा वर्षं पोळ्या लाटल्या. या सहा वर्षांत मामांनी कुणाची वेळ पहिल्या फटक्यात मान्य केली असं मला आठवत नाही. 'पाच मिनट में आतूं' म्हणून गेलेला गॅसवाला तिसऱ्या दिवशी उगवला, तेव्हा मामा त्याला अगदी शांतपणे म्हणाले, "मियाँ, वो पाँच मिनट परसों के थे क्या आज के? मेरेकू लिखना है." तो गॅसवाला अजूनही आमच्या गल्लीत शिरताना आधी माडीकडं बघतो.

घर मूळचं उदगीरकडचं, शेतकऱ्याचं. पण हैदराबाद संस्थान होतं तेव्हाच मामांचे वडील इकडं आले, त्यामुळं मामांची मराठी ऐकली की उदगीर, मलकपेठ आणि बेगम बाजार एकाच रिक्षात बसून चाललेत असं वाटतं. नोकरी सगळी एका कारखान्याच्या फाटकावर, टाइमकीपर म्हणून झाली. कोण आत गेलं, कोण बाहेर पडलं, कुणाच्या कार्डावर ठोका किती वाजता पडला, हे बघायचं. आता रात्रपाळीचा माणूस सोमवारी रात्री आत जाणार आणि मंगळवारी सकाळी बाहेर येणार. त्यात वरून साहेबाची चिठ्ठी यायची, 'मंडे, ट्वेल्व ए एम'. हे सोमवार लागतानाचे बारा की सोमवार सरतानाचे? मामा चिठ्ठी परत पाठवायचे. साहेब चिडले, मग त्यांच्या वरचे साहेब चिडले, आणि शेवटी दोघंही थकले. मामांच्या रजिस्टरात मराठी वेळ सुरू झाली. 'रात्रीचे बारा, सोमवार सरताना.' 'दिवसाचे बारा, जेवणाचा भोंगा.' म्हणे तपासणीला आलेल्या एका मोठ्या अधिकाऱ्यानं ते रजिस्टर बघून आधी कपाळाला हात लावला आणि जाताना त्याची नक्कल मागून नेली. मामा हे दर वेळी सांगतात, आणि दर वेळी त्या अधिकाऱ्याचा हुद्दा एक पायरी वर चढलेला असतो.

नोकरी सुटली, फाटक सुटलं नाही. जिन्याच्या तोंडाशी वेताची खुर्ची टाकून बसतात, आणि वर-खाली जाणाऱ्या प्रत्येकाची आपोआप नोंद होते. पण त्यांचं भांडण घड्याळाशी नाही बरं का. घड्याळ त्यांना पोटच्या पोरासारखं. भांडण आहे ते इंग्रजी बोलण्याशी. "घड्याळ झकास बनवलं गोऱ्यांनी," ते म्हणतात, "पण त्याच्याबद्दल बोलायचं राहूनच गेलं त्यांचं. दुपारी चारची पण इवनिंग, रात्री नऊची पण इवनिंग. आपल्यात बघ पोरी, उन्हं उतरली, दिवस कलला, दिवे लागले, जेवणं झाली, निजानीज झाली. एकेका तासाला घर बांधून दिलंय. आणि ते ए एम, पी एम! एक मध्यान्हाच्या आधीचं, एक नंतरचं. हौ, कबूल. मग खुद्द मध्यान्ह कुणाचा? उंबऱ्यावर उभा राहिलेला माणूस, त्याला घरात धरायचं का बाहेर?" असं म्हणून ते खरोखर खोलीच्या उंबऱ्यावर उभे राहतात आणि आपण उत्तर दिल्याशिवाय हलत नाहीत. हातात गरम चहाचा कप असला तरी नाही.

या भांडणाचा सगळ्यात जास्त ताप त्यांच्या नातीला. ती परदेशातल्या कचेरीचं काम घरून करते. पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला तिनं लॅपटॉप उघडून 'गुड मॉर्निंग' म्हटलं, तर मामा उठून गच्चीत जाऊन आकाश बघून आले.

"सूर्य पलीकडं चाललाय गं."

"आबा, त्यांची मॉर्निंग आहे ना!"

"त्यांची आहे तर गुड आहे का बॅड आहे ते त्यांनाच ठरवू दे. तू कायकू जबाबदारी घेतेस?"

एकदा तिच्या तिकडच्या साहेबानं 'हाफ नाइन'ला मीटिंग ठेवली. नातीनं नऊ का साडेनऊ, साडेआठ का काय, म्हणून कपाळाला आठ्या घातल्या, तर मामा म्हणाले, "नऊचे अर्धे साडेचार. चारला चहा घे आणि बस." पुढं मग ते विरघळले. "त्यांच्याकडं पावणे नाही, सव्वा नाही, साडे नाही, दीड-अडीच तर नाहीच. गरीब भाषा आहे, तिला हसू नये."

डॉक्टरांना तर त्यांनी पार हैराण केलं. एका गोळीवर 'नाइट' असं लिहिलेलं होतं. मामांनी विचारलं, "नाइट म्हणजे कुठली? जेवायच्या आधीची का निजायची?" डॉक्टर बिचारे मऊ स्वभावाचे. म्हणाले, "नींद आई तब लेलो साब." मामा म्हणाले, "नींद तो मेरेकू दोपहर को आती. रात कू तो मै जागताच रहतूं." डॉक्टरांनी मग चिठ्ठीवर रिकामं ताट काढलं आणि ताटाच्या पुढं गोळी काढली. ते चित्र मामांनी अजून जपून ठेवलंय; म्हणतात, आयुष्यात भेटलेला पहिला शहाणा डॉक्टर. आणि लग्नाच्या पत्रिकेवर 'डिनर, एट पी एम ऑनवर्ड्स' असं आलं की ते मुलीच्या बापाला फोन लावतात. "ऑनवर्ड्स म्हणजे कुठवर, साब? पंगत उठेपर्यंत, का संसार संपेपर्यंत?" आपल्याकडच्या लग्नांत आठचं जेवण अकराच्या आत मिळत नाही हे त्यांना पक्कं माहीत. म्हणून घरून दोन भाकरी खाऊनच निघतात, आणि तिथं अकराला पुन्हा बिर्याणी खातात. 'एक आठची, एक ऑनवर्ड्सची, दोन्ही वेळा पाळल्या,' हा हिशेब.

मला हे सगळं कितीतरी दिवस नुसतं हसण्यासारखं वाटायचं. हसायचंही तोंडाला पदर लावून, कारण मी त्या घरात कामाला. माझं गाव देगलूरकडं. आठवीत असताना वडील गेले, आईनं अंथरूण धरलं, पुढची शाळा शेजारच्या गावाला, आणि माझं दप्तर जे खुंटीला लागलं ते लागलंच. आमच्या घरात शाळेचा विषय निघाला की आई भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीकडं बघायची आणि कूस बदलायची. रागवली असती तर बरं झालं असतं. एका मावशीच्या ओळखीनं मी हैदराबादेत आले. इथं मला कशाची भीती नव्हती. रस्त्याची नाही, तेलुगूची नाही, शंभर पोळ्यांच्या कणकेची तर नाहीच. भीती एकाच गोष्टीची, फोनवर येणाऱ्या इंग्रजी मेसेजची. वाटायचं, यात काहीतरी असं लिहिलंय की जे मला कळायला हवं होतं आणि कळलेलं नाही. तसा मेसेज आला की मी कणकेचे हात पुसत जिना चढायची. मामा चष्मा शोधायचे, मेसेज दोनदा वाचायचे आणि कंपनीलाच दोष द्यायचे. माझं अडाणीपण त्यात कधी निघालंच नाही. उपकार मोठे असले की माणसाला कळतात तरी. असले बारीक उपकार मला फार उशिरा कळले.

मग शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या मुलींच्या एका वसतिगृहात कायम स्वयंपाकिणीची जागा निघाली. राहायला खोली, म्हणजे आईला जवळ आणता आली असती. अट एकच, दहावी पास. पोळी फुगायला दहावी कशाला लागते हे मला कळलं नाही, पण नियम तो नियम. तिथल्या वॉर्डन बाईंनी माझ्या हातची आमटी खाऊन सांगितलं, "या वर्षीचा निकाल लागेपर्यंत जागा थांबवते. त्याच्या पुढं माझ्या हातात नाही." मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्यापुढच्या पोळ्यांच्या चळतीकडं बघितलं. माझ्यासारखी पोळ्यांवाली त्यांना सहज मिळणार नव्हती. पण म्हणाल्या, "फॉर्म भर. माझं मी बघते." मामा म्हणाले, "मुक्त शाळेची दहावी ना? मराठीतून देता येते. रोज चार ते पाच, जिन्यात. आणि चार म्हणजे दुपारचे चार, नंतर भांडण नको."

वर्षभर जिन्यात शाळा भरली. लेखी पेपर झाले, बरे गेले. राहिलं ते गृहविज्ञानाचं प्रात्यक्षिक, म्हणजे परीक्षक बाईंसमोर एक पदार्थ करून दाखवायचा. सगळे म्हणाले, ही तर तुझी खेळायची गोष्ट. मलाही थोडं तसंच वाटत होतं. आणि गुरुवारी मेसेज आला. प्रात्यक्षिक शनिवारी, मलकपेठेच्या केंद्रावर, वेळ ट्वेल्व ए एम.

खानावळीतली पोरं हसून लोळायची बाकी राहिली. "अक्का, आधी रात कू पकाने जारै क्या?" बाई म्हणाल्या, "अगं, चूक झालीय टाइप करताना. दुपारचे बारा, उघड आहे." मामा जिन्यातून खाली उतरले. त्यांचा एक डोळा मोतीबिंदूनं भरत आला होता, कठडा धरून हळूहळू उतरले.

"उघड आहे?" ते म्हणाले. "कारखान्यात जेवढे घोळ झाले ते सगळे उघड गोष्टींत झाले."

"मामंजी, रात्री बाराला कोण परीक्षा घेतं?"

"कुणी घेत नाही. म्हणून तर विचारायला जायचं. ज्यानं रात्रीचे बारा लिहिले, त्यानं आणखी काय लिहिलंय ते बघायला नको?"

शुक्रवारी सकाळी छत्री आणि कापडी पिशवी घेऊन ते एकटेच बसनं मलकपेठेला गेले. मी कामातून सुटले नाही. तिथं काय झालं ते मला नंतर मामांकडून आणि परीक्षेच्या दिवशी तिथल्या क्लार्ककडून, असं दोन्ही बाजूंनी ऐकायला मिळालं. क्लार्क म्हणाला, "दोपहर के हैं साब, टाइपिंग मिस्टेक. जाव आराम से." दुसरा कुणीही तिथून परतला असता. मामांनी छत्री टेबलाला टेकवली, खुर्ची ओढली आणि फाटकावर आयुष्य काढलेल्या माणसाचा प्रश्न विचारला: "बारा कू होता क्या है? बारा कू अंदर लेते, काम शुरू करते, क्या फाटक बंद करते?"

 क्लार्कनं फाइल काढली. मग दुसरी फाइल काढली. मग आतल्या खोलीत जाऊन कुणाला तरी विचारून आला, तो जरा घाबराच होऊन. नऊला सगळ्यांनी आत यायचं होतं. साडेनऊला पदार्थाची चिठ्ठी उचलायची, दहाला शेगड्या पेटायच्या. आणि बाराला ताटं टेबलावर मांडलेली हवीत, कारण बाराला परीक्षक बाई चाखायला येतात. मेसेज पाठवणाऱ्यानं नेमकी तेवढीच वेळ उचलून सगळ्यांना पाठवली होती.

मला दुपारचे बारा सांगून मामा घरी आले असते, तर मी सामानाची पिशवी घेऊन बरोब्बर बाराला, रिकाम्या ताटानं, चाखणाऱ्या बाईंच्या पुढ्यात उभी राहिले असते. 

पण मामा एवढ्यावर उठले नाहीत. "अब सब कू फोन लगाव," ते क्लार्कला म्हणाले.

"सब कू? साब, मेसेज भेज देतूं ना."

"तुम्हारा मेसेज देखा मैंने. फोन लगाव. तुम नाम पढो, मै टिक करतूं."

दुपार उलटेपर्यंत ते तिथं बसून राहिले. यादीतल्या प्रत्येक नावापुढं त्यांनी बारीक खूण केली. एक बाई फोन उचलेना, तर तिच्यासाठी अर्धा तास थांबले. क्लार्क मला म्हणाला, "अक्का, आपके मामू कू मैंने चाय पिलाई, समोसा खिलाया, हात जोडे. उठेच नईं. बोले, एक बाकी है." घरी आले तेव्हा उन्हानं तोंड लाल झालेलं, आणि चेहरा असा की कारखान्याचा भोंगा पुन्हा वाजायला लागलाय.

शनिवारी सकाळी सातला ते माझ्यासोबत निघाले. मी नको म्हणत होते, पण खरं सांगायचं तर एकटी जायची माझी हिंमत नव्हती. माझ्या चिठ्ठीत आलं, 'लोहयुक्त नाश्ता'. एरवी डोळे मिटून केला असता. त्या दिवशी पीठ परातीत कमी आणि ओट्यावर जास्त पडलं. मेथीचे धपाटे करायला घेतले. तिखट घातलं का नाही, आठवेना. मीठ दोनदा पडलं का, कळेना. रडू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात खिडकीतून फाटक दिसलं. वॉचमनच्या स्टुलावर मामा बसलेले, आणि वॉचमन शेजारी उभा. शेगड्या अजून पेटायच्या होत्या, आणि उशिरा धावत येणाऱ्या एकेकीला मामा विचारत होते, "नाम? हॉल टिकट? जाव अंदर, दौड़ो नक्को, टाइम है." टाइम है. ते माझ्याशी बोलत नव्हते, पण मी ते ऐकलं आणि पीठ पुन्हा मळायला घेतलं.

बाराला परीक्षक बाई आल्या. एक तुकडा तोडला, दह्याला लावून खाल्ला, मग इंग्रजीत काहीतरी विचारलं. वर्षभर जिन्यात ज्याची उजळणी झाली होती तेच होतं, करायला किती वेळ लागतो. मी म्हणाले, "हाफ ॲन अवर, मॅडम." माझंच इंग्रजी मला दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. बाईंनी मान हलवली आणि दुसरा तुकडा तोडला, जो परीक्षेसाठी तोडायची गरज नव्हती.

आम्ही हसत घरी पोचलो, तर आमच्या बाई दारात. त्यांना एवढं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मामंजी, डोळ्याच्या डॉक्टरांची आज अकराची वेळ होती! दोन महिन्यांनी मिळालेली! दवाखान्यातून चार फोन आले."

मी मामांकडं बघितलं. त्यांना ठाऊक होतं. ज्या माणसानं साऱ्या जगाच्या वेळा तपासल्या तो स्वतःची वेळ विसरेल कसा?

"होती," मामा चपला काढत म्हणाले. "गेली. वेळेचं तेच काम असतं."

"अहो, पण ऑपरेशनची तारीख..."

"देतील की दुसरी. डोळा कुठं पळून चाललाय? आधी जेवायला वाढ, सकाळपासून फाटकावर आहे मी."

माझ्या तोंडून नुसतं "मामा, माझ्यामुळं..." एवढंच निघालं. त्यांनी हातानंच गप्प केलं. त्या रात्री मी भाकरी वाढताना त्यांच्या पानात तूप जरा जास्तच वाढलं. डॉक्टरांनी बंद केलेलं होतं. बाईंनी बघितलं आणि तुपाचं भांडं माझ्याजवळच राहू दिलं.

दुसरी तारीख मिळाली, ऑपरेशन झालं, डोळा आता इतका साफ आहे की समोरच्या दुकानातल्या घड्याळाचा सेकंदकाटाही त्यांना माडीवरून दिसतो, आणि दुकानदारानं ते घड्याळ हलवायचा विचार चालवलाय. माझा निकाल लागला. गृहविज्ञानात सगळ्यात जास्त गुण पडले. वॉर्डन बाईंनी शब्द पाळला. मी खोली घेतली, आईला आणलं. ती आता दिवसभर लसूण सोलत हॉस्टेलच्या पोरींना गावाकडच्या गोष्टी सांगते. पोरींना अर्ध्या कळतात, अर्ध्यांना त्या नुसत्याच हसतात. आईलाही तेवढं पुरतं.

गेल्या महिन्यात मामा मला बघायला आले. दोन बस बदलून, एकटे. पंगतीत मुलींच्या बरोबरीनं बसून जेवले, आमटीत मीठ बेताचं आहे म्हणाले, आईशी उदगीर-देगलूरच्या पाऊसपाण्यावर तासभर बोलले. बाईंना नवी पोळ्यांवाली मिळाली, पण ती मेसेज स्वतःच वाचते, असंही त्यांनी सांगितलं. सांगताना हसले, पण थोडंच. निघताना मी फाटकापर्यंत गेले.

"मामा, परत कधी येणार?"

त्यांनी छत्री उघडली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं.

"येईन की," ते म्हणाले. "असंच, कधीतरी."

 वाटलं, पुढं काहीतरी म्हणतील. वार सांगतील, निदान सकाळ का दुपार ते तरी. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी अशी सैल वेळ ऐकली नव्हती. विचारायला हवं होतं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यांनीच विचारून घेतलं असतं. पण त्यांचं वय माझ्या डोळ्यांसमोर होतं, दोन बसचा प्रवास होता, आणि मला वाटलं की ही एक वेळ त्यांना मोकळी सोडू द्यावी.

"या, मामा," मी म्हणाले. "मी इथंच आहे."

बस आली. ते दांडी धरून हळूच चढले, खिडकीची जागा मिळाली का ते मला दिसलं नाही. आत मुलींच्या संध्याकाळच्या चहाचं आधण ठेवायचं होतं. मी फाटक नुसतं ओढून घेतलं, कडी लावली नाही.